आठ आण्यांचा हिशेब

३१ जानेवारी २०१७ रोजी संसदेत मांडल्या गेलेल्या आर्थिक पाहणी अहवालात एक चमत्कारिक प्रकरण होते. अर्थ मंत्रालयाचे तेव्हाचे मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमण्यन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या प्रत्येकाला सरसकट किमान उत्पन्न द्यावे का, हा प्रश्न त्यात घेतला होता आणि तो महात्मा गांधींशी केलेल्या काल्पनिक संवादाच्या रूपात मांडला होता. महात्मा काय म्हणाले असते, त्यांना कोणता मुद्दा पटला असता, कोणता खटकला असता, याची कल्पना करत अहवालाने माणशी वर्षाला ७,६२० रुपयांचा आकडा काढला. लोकसंख्येपैकी पाऊण हिश्श्याला ही रक्कम दिली तर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४.९ टक्के खर्च येईल, असेही सांगितले. पुढे त्या प्रकरणाचे काही झाले नाही. पण हा संवाद कल्पनेतून उभा करण्याची तितकीशी गरज नव्हती. माणसाला जगायला लागते तेवढे मिळालेच पाहिजे का, ते कोणी द्यायचे आणि त्यासाठी अट कोणती घालायची, हा वाद वर्धा जिल्ह्यात १९३५ साली खुद्द गांधींच्या उपस्थितीत, खऱ्याखुऱ्या आण्यांच्या हिशेबाने घातला गेला आहे. सूतकताईच्या मजुरीवरून झालेला तो वाद आज विसरला गेला आहे. माझे म्हणणे असे की, पायाभूत उत्पन्नाच्या कल्पनेचा अर्धा रस्ता वर्ध्याने तेव्हाच चालून दाखवला होता; उरलेला अर्धा ज्या अटीपाशी अडला, ती अट वर्ध्याच्याच पुढच्या इतिहासाने खोटी पाडली आहे.

सुरुवात कापसापासून करावी लागते. वर्धा नदीच्या दोन्ही अंगांची काळी जमीन कापसाची, आणि हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात थेट मँचेस्टरच्या दलालांना नावाने ठाऊक होता. पण तो सगळाच्या सगळा बाहेर जात नव्हता. गावोगाव बाया सूत कातत, आणि कोष्टी व महार समाजातली कित्येक घरे त्या सुताचे कापड विणून जगत. कोष्ट्यांकडे तलम काम, महारांकडे जाडेभरडे. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि या मुलखाकडे इंग्रजांचे लक्ष वळले. १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा काढून वर्धा जिल्हा करण्यात आला, १८६७ पर्यंत रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोहोचली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी खास कापूस आयुक्त नेमला गेला. हॅरी रिव्हेट-कारनॅक त्याचे नाव. या गृहस्थाने १८६० च्या दशकाच्या अखेरीस वऱ्हाडातल्या एका भागाविषयी जे लिहिले ते लपवाछपवी न करता लिहिले. रेल्वेची शाखा आली की विलायती कापड देशी कापडापेक्षा स्वस्त विकता येईल. मग इथे सुतात खर्च होणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल आणि कातण्या-विणण्यात गुंतलेली माणसे शेतमजुरीला मोकळी होतील, असा त्याचा सरळ हिशेब होता. घडलेही तसेच. नदीच्या अलीकडे वर्ध्यातही सूतकताईचा कणा मोडला. १८८० च्या दशकात हिंगणघाटला आणि नंतर पुलगावला गिरण्या उभ्या राहिल्या, पण गिरणीत शिरलेल्यांच्या मानाने घरबसल्या चार पैसे गमावलेल्या बायांची संख्या कितीतरी मोठी होती. ‘मोकळी’ झालेली ही माणसे दुसऱ्याच्या रानात निंदायला आणि वेचायला गेली.

हा तपशील इथे लांबवण्याचे कारण एवढेच की पायाभूत उत्पन्नाला खैरात म्हणणारे लोक गरिबीकडे आभाळातून पडलेल्या गोष्टीसारखे पाहतात. वर्ध्यातल्या भूमिहीनाची गरिबी आभाळातून पडलेली नाही. ती धोरणाने घडवली गेली, तिच्यावर अहवाल लिहिले गेले, ती घडवण्यासाठी रूळ टाकले गेले आणि तिचा नफा कोणाकोणाच्या वहीत जमा झाला हेही माहीत आहे. टॉमस पेन या इंग्रज बंडखोराने १७९७ मध्ये याच मुद्द्यावर एक पुस्तिका लिहिली होती. जमीन मुळात सगळ्यांची. तिची खासगी मालकी झाल्याने ज्यांचा वारसा गेला त्यांना भरपाई मिळाली पाहिजे, म्हणून एकविसाव्या वर्षी प्रत्येकाला १५ पौंड आणि पन्नाशीनंतर दरसाल १० पौंड द्यावेत, असा त्याचा प्रस्ताव होता. श्रीमंत-गरीब असा भेद त्यात नव्हता आणि हे दान नसून हक्क आहे, यावर त्याचा भर होता. या पुस्तिकेनंतर दीडशे वर्षांनी पवनारहून पायी निघालेल्या विनोबा भावे यांनी तेलंगणात आणि पुढे देशभर जमिनीचा सहावा हिस्सा मागितला, तेव्हा त्यांचेही म्हणणे हेच होते की हवा-पाण्यासारखी जमीनही कोणा एकाची नाही. दोघांची वाट वेगळी. एकाने कायद्याने भरपाई मागितली, दुसऱ्याने प्रेमाने वाटा मागितला. पण ज्याच्याकडे काही नाही त्याचेही यात काही आहे, हा पाया दोघांचा एकच.

आता १९३५ कडे येऊ. अखिल भारत चरखा संघ १९२५ मध्ये स्थापन झाला होता. खादी विकत घ्या, म्हणजे खेड्यातल्या उपाशी बाईच्या हातात काही पडेल, एवढी त्याची साधी मांडणी. दहा वर्षांत संघाने खादी बरीच स्वस्त करून दाखवली आणि त्याचा अभिमानही मिरवला. पण ही स्वस्ताई आली कुठून? दिवसभर कातणाऱ्या बाईच्या हातात जेमतेम आणा-दोन आणे पडत, त्यातून. दुष्काळात काहीच नसण्यापेक्षा हे बरे, असा युक्तिवाद तेव्हा सर्रास होता आणि तो खोटाही नव्हता. त्याला धक्का दिला तो वर्ध्यापासून दोनेक मैलांवरच्या नालवाडीने. १९३२ च्या अखेरीस विनोबा या दलित वस्तीच्या गावात राहायला गेले होते. तिथे त्यांनी स्वतः रोजचे पूर्ण मजुराइतके तास कातायला सुरुवात केली आणि चरखा संघाच्या दराने जेवढे पैसे होतील तेवढ्यात जगून पाहायचे ठरवले. कातण्यात विनोबा कुशल, तासांत कसूर नाही, गरजा संन्याशाच्या. तरी दिवसाची कमाई दोन आण्यांच्या आसपासच राही. गांधींनी विचारले, नीट जगायला किती लागतील? विनोबांनी उत्तर दिले, आठ आणे. म्हणजे चांगला कारागीर दिवसभर राबूनही पोटापुरते मिळवू शकत नाही, हे गांधींना त्या दोन आकड्यांतून लख्ख दिसले. अर्थशास्त्रात याला प्रयोग म्हणणार नाहीत, पण समितीच्या शंभर पानांनी सिद्ध झाले नसते ते इथे सिद्ध झाले. आळस, अडाणीपणा, उधळेपणा, व्यसन ही गरिबीची नेहमीची कारणे एकेक करून वगळली, तरी गरिबी शिल्लक राहिली. उरला तो फक्त दर.

गांधी तेव्हा वर्ध्यात मगनवाडीत राहत होते. १९३५ च्या उन्हाळ्यानंतर त्यांनी आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकातून हा प्रश्न उघड केला: आठ तासांच्या कामाला आठ आणे, हे किमान वेतन ठरवा. संघाच्या कार्यकर्त्यांत खळबळ माजली. दर एकदम इतका वाढवला तर खादी महागेल, गिऱ्हाईक पळेल, आणि आज जिला दोन आणे मिळतात तिला उद्या तेही मिळणार नाहीत. किमान वेतनाविरुद्ध जगभर आजतागायत दिला जाणारा युक्तिवाद हाच, आणि तो देणारे भांडवलदार नव्हते, खादीला आयुष्य वाहिलेले लोक होते. म्हणून तो हलक्याने घेता येत नाही. तरीही ऑक्टोबर १९३५ मध्ये वर्ध्याला भरलेल्या चरखा संघाच्या बैठकीने ठराव केला. सध्याची मजुरी अपुरी आहे. आठ तासांच्या कसदार कामाला किमान एवढे मिळाले पाहिजे की कातणाऱ्याला शास्त्रीय मापाने पुरेसे अन्न आणि वर्षाला २० वार कापड मिळावे. या वाक्यातली उलटापालट नीट पाहायला हवी. तोवर हिशेब बाजारातून सुरू होई. गिऱ्हाईक किती देईल, त्यातून वाहतूक, धुलाई, विणाई वजा जाता कातणारीला काय उरेल? ठरावाने हिशेब पोटापासून सुरू केला. धान्य किती, डाळ किती, तेल किती, कापड किती, त्याचे पैसे किती. हे आधी ठरवायचे आणि मग खादीच्या किमतीने त्याच्यामागे चालायचे. पायाभूत उत्पन्नाच्या विचाराचा गाभा हाच आहे. माणसाचा वाटा बाजाराची कामे उरकल्यावर उरलेल्या चिल्लरीतून काढायचा नाही, तो आधी बाजूला काढून ठेवायचा.

आठ आणे मिळाले नाहीत. श्रीकृष्णदास जाजू यांच्यासारख्या काटेकोर हिशेबी माणसाच्या हाताखालच्या महाराष्ट्र शाखेने हे तत्त्व आधी स्वीकारले, आणि दर आला तो तीन आण्यांवर. गांधी पुढेही सांगत राहिले की मुक्काम आठ आण्यांचाच आहे. पण आणा-दोन आण्यांवरून तीन आणे ही वाढ किरकोळ नव्हती, आणि ती अमलात कशी आली हे त्याहून महत्त्वाचे आहे. केवळ गिऱ्हाइकाच्या सद्बुद्धीवर ती सोडलेली नव्हती. ठरलेली मजुरी देणाऱ्यालाच संघाचे प्रमाणपत्र. कातणारीला कमी देऊन स्वस्त विकणाऱ्याची खादी अप्रमाणित. खादी महागली, शहरी देशभक्त कुरकुरले. गांधींचे उत्तर असे की खादी गिऱ्हाइकासाठी नाहीच, कातणारीसाठी आहे. ज्याला परवडत नाही त्याने स्वतः कातावे. हे उत्तर निरुत्तर करणारे असले तरी पुरते समाधान करणारे नाही. बाजार आकसला तर मजुरी कागदावर चांगली आणि काम मात्र नाही, ही भीती खरीच होती. मजुरीचा किमान दर हा काम मिळालेल्यालाच उपयोगी पडतो. इथे वर्ध्याच्या प्रयोगाची पहिली फट दिसते.

पुढच्या दहा वर्षांत याच गावाने तोच विचार अधिक रुंद केला. वर्ध्याच्या सेक्सरिया वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्य श्रीमन्नारायण अग्रवाल यांनी १९४४ मध्ये ‘गांधीवादी योजना’ प्रसिद्ध केली. त्याच वर्षी मुंबईच्या उद्योगपतींची योजना गाजत होती, त्यामुळे हिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. पण तिची सुरुवात पाहण्यासारखी आहे. माणशी रोज २,६०० कॅलरींचा समतोल आहार, वर्षाला २० वार कापड, राहायला १०० चौरस फूट जागा. हे प्रत्येकाला दहा वर्षांत मिळाले पाहिजे, आणि मग शेती, ग्रामोद्योग, मोठे उद्योग यांची मांडणी त्यासाठी. २० वार हा आकडा थेट १९३५ च्या ठरावातला. म्हणजे कातणारीपुरता काढलेला हिशेब आता देशातल्या सगळ्यांना लागू झाला होता. याच सुमारास किशोरलाल मशरूवाला आणि नरहरी परीख यांनी गांधींपुढे ठेवलेला आणि त्यांनी दुरुस्त केलेला विश्वस्तपणाचा मसुदाही असे म्हणतो की जसे किमान वेतन ठरवायचे तशी कमाल उत्पन्नालाही मर्यादा ठरवायची, आणि दोहोंतले अंतर कमी कमी होत जावे. तळ आणि छत या दोन्हींचा विचार एकाच कागदावर करणारी ही मंडळी भोळी होती, असे आज अनेकांना वाटते. मला उलट वाटते. तळाचा खर्च कुठून येणार हे त्यांनी त्याच कागदावर लिहून ठेवले होते. आपल्याकडच्या अलीकडच्या योजनांत तो कागद कोरा असतो.

आता अट. गांधींनी उत्पन्न कामाशी बांधले, आणि तेही कडकपणे. धडधाकट माणसाला फुकट जेवण घालणारी सदावर्ते माझ्या हाती सत्ता असती तर मी बंद केली असती, अशा अर्थाचे त्यांनी १९२५ मध्येच लिहिले होते. अंगमेहनत केल्याविना खाणे ही त्यांच्या लेखी चोरी. मग गांधींच्या जिल्ह्याचा आधार घेऊन बिनशर्त उत्पन्नाची बाजू कशी मांडता येईल? हा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे, म्हणून त्याला सावकाश उत्तर दिले पाहिजे. एक तर गांधींचा नियम सर्वांसाठी होता. जमीनदार, सावकार, बॅरिस्टर, मठाधिपती, सगळ्यांनी रोज अंगमेहनत करावी, असे त्यांचे म्हणणे. त्या नियमातून श्रीमंतांना सूट द्यायची आणि तो फक्त गरिबांना लावायचा, म्हणजे तो गांधींचा नियम उरतच नाही. वाडवडिलांच्या इस्टेटीचे भाडे, शेअरवरचा लाभांश, बँकेतले व्याज या बिनकष्टाच्या उत्पन्नांवर आपण कधी हजेरीपट लावत नाही. अमेरिकेतले अलास्का राज्य तेलाच्या पैशातून १९८२ पासून प्रत्येक रहिवाशाला दरसाल लाभांश देते, तेव्हा तिथले लोक आळशी झाल्याची चिंता कोणी करत नाही. बिनकष्टाच्या पैशाने माणूस बिघडतो, ही काळजी आपल्याला भूमिहीनाच्या बाबतीतच का लागते, याचे उत्तर आक्षेप घेणाऱ्यांनी द्यायला हवे.

दुसरे, अटीचा खरा इतिहास चरख्यापेक्षा जुना आहे. कामाच्या अटीवर बांधलेले हमखास उत्पन्न आपल्या गावगाड्यात शतकानुशतके होतेच; त्याला बलुते म्हणत. धान्याचा वाटा ठरलेला, आणि त्याबदल्यात कोणती सेवा करायची हेही जन्माने ठरलेले. ‘उपाशी राहणार नाहीस, पण सांगू ते करावे लागेल’ अशी ती हमी. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले, तेव्हा मुद्दा केवळ मोबदला कमी असण्याचा नव्हता. तुटपुंज्या का होईना, पण हमखास मिळणाऱ्या वतनाने माणसाला गावाच्या दावणीला बांधून ठेवले होते, आणि ते तोडल्याशिवाय स्वातंत्र्य नाही, ही त्यांची भूमिका होती. नालवाडीतल्या माणसाला अंगमेहनतीचे महत्त्व कोणी शिकवण्याची गरजच नव्हती. त्याच्या पिढ्या दुसऱ्यांनी ठरवलेल्या मेहनतीत गेल्या होत्या. त्याला हवा होता नकार देण्याचा अधिकार. हे काम मी करणार नाही, या भावाने करणार नाही, तुमच्या रानात करणार नाही, हे म्हणता येण्यासाठी घरात आठवड्याचे धान्य असावे लागते. बिनशर्त उत्पन्नाची स्वातंत्र्याशी गाठ पडते ती इथे. बर्ट्रांड रसेलने १९१८ मध्ये असेच सुचवले होते की गरजेपुरते अल्प उत्पन्न काम करणाऱ्या-न करणाऱ्या सर्वांना द्यावे, आणि त्याहून जास्त हवे त्याने काम करून मिळवावे. त्याच्या डोळ्यांपुढे लेखक-कलावंत होते. आपल्याकडे हाच विचार कापूस वेचणाऱ्या बाईसाठी अधिक लागू आहे, कारण कवी उपाशी राहूनही मालकाला नाही म्हणू शकतो. दोन लेकरांची आई म्हणू शकत नाही.

कामाच्या अटीला सरकारी रूप देण्याचे श्रेयही महाराष्ट्राचेच. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून सांगली जिल्ह्यात सुरू झालेली योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर गेली, १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, आणि २००५ मध्ये केंद्राने त्याच धर्तीचा कायदा देशाला दिला. मागेल त्याला काम, बाई-पुरुषाला समान मजुरी, आणि खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर. १९३५ च्या ठरावाला बाजार आकसण्याची जी भीती होती तिला हे उत्तर होते: बाजाराकडे काम नसेल तर राज्य काम देईल. रोजगार हमीने लाखोंना जगवले, यात शंका नाही. पण तिने अटीच्या मर्यादाही दाखवून दिल्या. ज्याला माती उपसता येते त्यालाच ती तारते. म्हातारी, अपंग, बाळंतीण, आजाऱ्याची शुश्रूषा करणारी सून यांच्या वाट्याला ती येत नाही. काम काढणारा, मोजमाप घेणारा, हजेरी मांडणारा, पैसे सोडणारा, अशा साखळीतली एक कडी अडली की मजुरी महिनोन्‌महिने थकते. आणि घरातले रांधणे, पाणी भरणे, म्हाताऱ्यांचे उठणे-बसणे करणे, हे काम तर कोणत्याच हजेरीपटावर नाही. चरखा संघाने निदान घरात बसून कातणाऱ्या बाईच्या श्रमाला भाव दिला होता. त्याच घरातल्या तिच्या बाकीच्या श्रमांना तोही देऊ शकला नाही.

अटीचा सगळ्यांत भयंकर धडा मात्र या शतकातला आहे. पश्चिम विदर्भात कापूस शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे सत्र सुरू झाले, आणि २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये ज्या सहा जिल्ह्यांचा समावेश झाला त्यांत वर्धा होता. राज्य सरकारने मृताच्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत ठरवली आणि तिला अटी लावल्या. जमीन त्याच्या नावावर होती का, कर्ज बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे होते का, वसुलीचा तगादा होता का. जिल्हा समितीने कागद पाहून एकेका मृत्यूवर शेरा मारायचा: पात्र किंवा अपात्र. सातबारा सासऱ्याच्या नावावर असलेली शेतकरी बाई, मक्त्याने जमीन करणारा, परवाना नसलेल्या सावकाराकडून पैसे उचललेला, हे सगळे मेल्यानंतरही अपात्र. गरजवंत निवडून काढण्याची यंत्रणा जितकी बारीक करावी तितके खरे गरजवंत तिच्यातून गळतात, कारण कागद नसणे हे गरिबीचेच लक्षण आहे. हीच खोड बाकीच्या योजनांतही आहे. २०१९ पासूनचा पंतप्रधान किसान सन्मान निधी वर्षाला ६,००० रुपये देतो, पण जमीन नावावर असलेल्यालाच; त्याच शेतात राबणाऱ्या मजुराला नाही. संजय गांधी निराधार योजनेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. महिन्याला १,७५० रुपयांहून अधिक कमावणारे कुटुंब सधन, असे मानणाऱ्या राज्यात लोक खोटे दाखले काढतात याचे आश्चर्य वाटायला नको. शिवाय चार पैसे जास्त मिळवले तर अनुदान जाईल, या धाकाने कष्ट न करण्याचे शिक्षण ही अटच देते. सरसकट देणे आळशी बनवते म्हणणाऱ्यांनी आधी या मर्यादेचा विचार करावा.

आळसाबद्दल पुरावाही आहे. २०११-१२ मध्ये मध्य प्रदेशात ‘सेवा’ या महिला संघटनेने युनिसेफच्या मदतीने काही गावांत प्रत्येक प्रौढाला महिना २०० रुपये आणि मुलामागे १०० रुपये, पुढे ३०० आणि १५० रुपये, कोणतीही अट न घालता दिले. लोकांनी काम सोडले नाही. मजुरीचे तास काहींचे घटले, पण ते स्वतःच्या शेताकडे आणि स्वतःच्या धंद्याकडे वळले. दारूवरचा खर्च वाढला नाही. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी असल्याने हा आक्षेप इथे निघायलाच नको. तरी तो निघतो, यातच बरेच काही आले. खरी भीती निराळी आहे आणि ती शेतकऱ्यांच्या तोंडून स्पष्ट ऐकू येते: मजूर मिळणार नाहीत. रोजगार हमीच्या वेळी हेच म्हटले गेले होते. या आक्षेपाला गोल उत्तर देऊ नये. होय, वेचणीचा दर वाढेल. वाढावा यासाठीच हे आहे. पण कोरडवाहू शेतकरी तो कुठून देणार, हा प्रश्नही खरा आहे. त्याचे उत्तर मजुराला अगतिक ठेवण्यात नाही, कापसाच्या भावात आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत माफ केले, ऐन वेचणीच्या हंगामाच्या तोंडावर. गिरण्यांना दिलेल्या त्या सवलतीला कोणी रेवडी म्हटले नाही. शिवाय सरसकट उत्पन्न सरसकट असेल तर ते पाच एकरवाल्यालाही मिळते. मजूर आणि लहान शेतकरी यांना एकमेकांसमोर उभे न करणारी मदत म्हणून त्याचे मोल वेगळे आहे.

एक आक्षेप मात्र वर्ध्याच्याच मातीतला आहे आणि तो वाचल्यावर थबकायला होते. १९५० मध्ये विनोबांनी पवनारच्या परंधाम आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला. पैशाचा व्यवहारच नको. कुदळ-फावड्याने, बैलाविना शेती करायची, स्वतःचे कापड कातायचे आणि बाजारापासून सुटायचे. त्यांच्या मते स्वातंत्र्य पैसा मिळण्यात नसून पैशातून सुटण्यात होते. मग लोकांच्या खात्यात पैसे टाकून स्वातंत्र्य कसले देता? पण परंधामात विहीर होती, जमीन होती, आणि तिथे राहणारे आपल्या मर्जीने आले होते. ज्याच्याकडे ही तीन साधने आहेत तो पैसा सोडू शकतो. गावाबाहेरच्या वस्तीतला भूमिहीन पैशावाचून मुक्त होत नाही, नुसता उपाशी राहतो. त्याला पैसा सोडायचा की नाही हे ठरवता यावे म्हणून तो आधी त्याच्या हातात आला पाहिजे. विनोबांचा आक्षेप एका बाबतीत मात्र मी पूर्ण मान्य करतो: नुसत्या रोकडीने सगळे विकत घेता येत नाही. खात्यात दीड हजार टाकून रेशन, सरकारी दवाखाना आणि जिल्हा परिषदेची शाळा आटवणार असाल तर त्याला पायाभूत उत्पन्न म्हणू नये. ते सरकारचे हात झटकणे आहे.

पैसा कुठून येणार, हा प्रश्न २०२४ नंतर विचारण्याचा अधिकार निदान राज्यकर्त्यांनी गमावला आहे. निवडणुकीच्या वर्षात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर झाली. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या स्त्रियांना महिना १,५०० रुपये, आणि वर्षाचा खर्च सुमारे ४६ हजार कोटी. निवडणूक झाल्यावर छाननी सुरू झाली आणि पात्र-अपात्रचे जुने चक्र पुन्हा फिरले. योजनेने एक गोष्ट सिद्ध केली की दोन कोटींहून अधिक स्त्रियांच्या खात्यांत थेट पैसे पोहोचवता येतात. दुसरी गोष्ट तिने झाकली, ती अशी की १,५०० हा आकडा कशाच्या हिशेबाने काढला हे कोणीच सांगितले नाही. त्या रकमेत किती धान्य, किती तेल, किती कापड, याचा तक्ता ना विधानसभेत मांडला गेला ना कोणी मागितला. उपकार म्हणून दिलेली रक्कम देणाऱ्याच्या सोयीने ठरते आणि त्याच्याच सोयीने कापली जाते. हक्काची रक्कम गरजेच्या हिशेबाने ठरवावी लागते आणि महागाईबरोबर वाढवावी लागते. म्हणून पहिली मागणी मोठ्या आकड्याची नसावी, तर आकडा काढण्याच्या पद्धतीची असावी: आधी गरजेचा तक्ता, मग रक्कम. सुरुवात साठी ओलांडलेल्या प्रत्येकापासून करावी, कारण त्यांना कामाची अट घालण्याचे धाडस अजून तरी कोणी करत नाही. सध्या त्यांच्यासाठी असलेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत ६० ते ७९ वयाच्या, तेही फक्त दारिद्र्यरेषेखालच्या, माणसाला केंद्र सरकार महिन्याला २०० रुपये देते. हा आकडा २००७ पासून बदललेला नाही.